वैमानिक होण्याची पात्रता आणि तिच्या मुदती

विमान कंपनीत वैमानिक होण्यासाठी कोणती पदवी लागते, हा प्रश्न मला आजही लातूरला गेलो की कोणी ना कोणी विचारतो आणि पदवी लागत नाही हे उत्तर ऐकून विचारणारा थोडा नाराज होतो, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे पात्रता म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा कागद, जो एकदा मिळाला की जन्मभर पुरतो, अशी समजूत आहे. वैमानिकाच्या बाबतीत ती कामाची नाही. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे ज्याला सगळे सीपीएल म्हणतात त्यासाठी, वय 18 पूर्ण असावे लागते, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते, प्रथम वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, लेखी परीक्षा आणि रेडिओ परवाना लागतो आणि किमान 200 तासांचे उड्डाण लागते. कागदावर एवढेच आहे. या गोष्टी एकामागून एक मिळवणे तितकेसे कठीण नाही. त्या सगळ्या एकाच दिवशी जिवंत असणे हे कठीण आहे, कारण त्यांतल्या जवळपास प्रत्येकीला मुदत आहे. माझी बरीचशी शक्ती या मुदती एकमेकींशी जुळवण्यात खर्च झाली आणि तीच गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून हे लिहीत आहे.

माझी सुरुवातच अपात्रतेपासून झाली. ज्या गावाच्या नावाने विज्ञान शाखेचा एक पॅटर्न अख्ख्या महाराष्ट्रात ओळखला जातो, त्या गावात राहून मी बारावी वाणिज्य शाखेतून केली होती, कारण बाजार समितीत आमची आडत होती आणि पुढे तूर-सोयाबीनचा व्यवहारच पाहायचा आहे असे घरात सर्वांनी, मीही, गृहीत धरले होते. नियमानुसार भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय बारावीच्या पातळीवर उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. मात्र ते मूळ बारावीतच हवेत असे नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे सगळे ज्याला एनआयओएस म्हणतात, तेथून हे दोनच विषय स्वतंत्रपणे देता येतात आणि वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेले बहुतेक जण हाच मार्ग घेतात. मी दोन्ही विषय इंग्रजी माध्यमातून दिले, कारण पुढील सर्व परीक्षा इंग्रजीतच असतात आणि सदिश, संवेग, घनता या शब्दांशी माझी जी काही तोंडओळख होती ती दहावीपर्यंतच्या मराठी पुस्तकांतली होती. भौतिकशास्त्राला प्रात्यक्षिक परीक्षाही असते. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत लोलकाचे दोलन मोजणाऱ्यांमध्ये एक बँकेतील कर्मचारी होते आणि एक मुलगी केबिन क्रूची नोकरी करत करत वैमानिक होऊ पाहत होती.

त्यानंतर संगणक क्रमांक. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षांना बसण्यासाठी आधी हा कम्प्युटर नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका संबंधित मंडळाकडून पडताळून घ्याव्या लागतात. येथे महाराष्ट्रातील मुलांची एक खास अडचण होते, जी दिल्ली-हरियाणाच्या मुलांना समजावून सांगावी लागते. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. आधार कार्डावर तिसराच प्रकार असतो. आणि मुक्त विद्यालयाच्या अर्जात आपण जे लिहिले असेल ते चौथे. ही सगळी नावे एकाच माणसाची आहेत हे आपल्याला ठाऊक असले तरी कार्यालयाला ते कागदाने सिद्ध करून द्यावे लागते. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी अकरावीतच सर्व कागदपत्रांवरील नाव अक्षरशः सारखे करून घ्यावे. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील जाहिरात यांत जाणारा वेळ नंतर फार महागात पडतो, कारण तोवर दुसरी एखादी मुदत सुरू झालेली असते.

पहिली मुदत सुरू होते ती वैद्यकीय तपासणीने. आधी द्वितीय वर्गाची तपासणी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडे होते आणि त्या आधारावर विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. प्रथम वर्गाची तपासणी त्यानंतर. माझी प्रथम वर्गाची पहिली तपासणी बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत झाली. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, कानांची श्रवणचाचणी, डोळे, नाक-घसा आणि शेवटी सर्व अहवाल समोर ठेवून प्रमुख डॉक्टरांची मुलाखत, असा तो क्रम होता. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय अफवा आहे. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेपर्यंत सुधारत असेल तर चष्मा चालतो, फक्त उड्डाणाच्या वेळी तो घालणे आणि जवळ दुसरा ठेवणे बंधनकारक असते. रंगांधळेपणा मात्र अडवतो. ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेले आकडे वाचायचे असतात आणि ते दिसत नसतील तर कितीही सराव करून दिसत नाहीत. माझ्या रांगेतल्या एका मुलाला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळले की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक इतरांसारखा दिसत नाही, आणि त्याच्या वडिलांनी तोवर एका प्रशिक्षण संस्थेत पहिला हप्ता भरून टाकलेला होता. म्हणून मला कोणी सल्ला विचारला की मी एकच क्रम सांगतो: प्रथम वर्गाचे मेडिकल आधी, पैसे नंतर. रक्तदाब, वजन किंवा हिमोग्लोबिन यांसाठी बहुधा तात्पुरते अपात्र ठरवले जाते आणि सुधारणा करून पुन्हा जाता येते, त्यामुळे त्या शिक्क्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

प्रथम वर्गाचे प्रमाणपत्र चाळिशीच्या आतील उमेदवाराला 12 महिन्यांसाठी मिळते. उत्तीर्ण झालेल्या लेखी परीक्षेचा निकाल 5 वर्षे ग्राह्य धरला जातो. परवान्याचा अर्ज करताना प्रमुख वैमानिक म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, केलेल्या 100 तासांपैकी 15 तास मागील सहा महिन्यांतील असावे लागतात आणि उड्डाण कौशल्याच्या चाचण्याही मागील सहा महिन्यांतील असाव्या लागतात. आडतीच्या चोपडीची सवय असल्यामुळे मी एका वहीत हे सर्व रकाने पाडून लिहिले होते. ती वही पाहून माझ्या प्रशिक्षकांनी चेष्टा केली, पण पुढे बॅचमधले इतर जण आपापल्या तारखा तिच्यात लिहून ठेवू लागले.

लेखी परीक्षांच्या तयारीसाठी मी दिल्लीच्या द्वारकेत राहिलो. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी पुण्यात सदाशिव पेठ जशी, तशी वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी द्वारका. ग्राउंड क्लासेस, खोल्या, डबे, झेरॉक्स आणि निकालाच्या दिवशीची चिंता सगळे तेथे आहे. हवाई नियम, हवाई दिशाज्ञान, विमान हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयाचे दोन पेपर, एक सर्वसाधारण व एक विशिष्ट विमानाचा, असा अभ्यासक्रम असतो. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरला 70 टक्के लागतात. शाळेत 70 टक्के म्हणजे बरे गुण असतात, येथे त्याखाली सगळे नापास, ही गोष्ट अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो.

हवामानशास्त्र मला सर्वांत आवडले, याचे कारण शेतमालाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला पावसाबद्दल कुतूहल असतेच. मॉन्सूनचा आस कोठून कोठे जातो, पश्चिमी विक्षोभामुळे उत्तर भारतात हिवाळी पाऊस का पडतो, मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यात दुपारनंतर गारपिटीचे ढग कसे उभे राहतात, याची कारणे प्रथमच नीट कळली. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला तापमान 15 अंश सेल्सिअस आणि दाब 1013.25 हेक्टोपास्कल मानला जातो आणि दर हजार फुटांना तापमान 1.98 अंशांनी उतरते, हे घोकताना सुरुवातीला ते केवळ परीक्षेपुरते वाटले. पुढे मे महिन्यात खानदेशात पारा 42 च्या वर असताना त्याच धावपट्टीवर तेच विमान जमीन सोडायला दिवाळीतल्या पहाटेपेक्षा कितीतरी जास्त अंतर घेते हे पाहिले, तेव्हा त्या आकड्यांचा उपयोग समजला: तापलेली हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि विमान ओढणाऱ्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, हवेवरची पकडही कमी होते.

दिशाज्ञानाच्या पेपराने मात्र बऱ्याच जणांना रडवले. खरी उत्तर, चुंबकीय उत्तर आणि होकायंत्र दाखवते ती उत्तर दिशा, या तिन्हींतील फरक लावून, वाऱ्यामुळे होणारे वाहवणे वजा करून, विमानाचे नाक नेमके किती अंशांवर ठेवायचे हे काढावे लागते. गणिते बहुधा अशा ठिकाणची असतात जेथे चुंबकीय फरक दहा-वीस अंशांचा आहे. महाराष्ट्रात तो जवळपास शून्य आहे, त्यामुळे आपल्या मुलांना हा विषय कागदावरच भेटतो. साठास एक हा नियम मात्र प्रत्यक्षात रोज वापरला: 60 मैल गेल्यावर एक मैल बाजूला पडलात तर तुमची दिशा साधारण एका अंशाने चुकली आहे.

रेडिओ परीक्षेची भीती या सगळ्यांपेक्षा जास्त असते, आणि ती अनाठायी नाही. माझ्या वेळी आरटीआर ही परीक्षा दूरसंचार विभागाकडून घेतली जात असे. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 नंतर ती डीजीसीएकडे आली आहे. परीक्षक हवाई वाहतूक नियंत्रक होतो, उमेदवार वैमानिक होतो आणि समोरच्या नकाशावरून एक संपूर्ण उड्डाण बोलून दाखवावे लागते. मध्येच इंजिनाला आग लागते, रेडिओ बंद पडतो किंवा एखादा प्रवासी अत्यवस्थ होतो, आणि मेडे (जिवावरचे संकट) म्हणायचे की पॅन-पॅन (तातडी, पण जीव लगेच धोक्यात नाही) हे त्याच क्षणी ठरवावे लागते. आणीबाणीसाठी 7700, रेडिओ बंद पडल्यास 7600 आणि अपहरणासाठी 7500 हे नियंत्रकाला रडारवर दिसणारे संकेतांक झोपेतून उठवून विचारले तरी यावेत अशी अपेक्षा असते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचे दडपण येते, पण येथे घरंदाज इंग्रजीची गरज नाही. गरज ठरावीक शब्दांची, ठरावीक क्रमाची आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत उच्चारण्याची आहे. इंग्रजी संभाषणाची जी वेगळी आंतरराष्ट्रीय चाचणी असते तिच्यात किमान चौथी पातळी लागते, आणि तिलाही मुदत असते. केवळ सहावी, म्हणजे सर्वोच्च पातळी मिळाली तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही.

खर्चाविषयी मोघम बोलण्यात अर्थ नाही. माझ्या वेळी भारतात परवान्यापर्यंतचा खर्च 50 लाखांच्या पुढे जात होता आणि त्यानंतर विशिष्ट प्रवासी विमानाच्या प्रशिक्षणाचे 15 ते 20 लाख वेगळे. शैक्षणिक कर्ज मिळते, पण एवढ्या रकमेला तारण लागते. आमच्या घरी प्लॉटची कागदपत्रे बँकेत गेली. वडिलांनी बँकेतील अधिकाऱ्याला विचारलेला प्रश्न एकच होता, "साहेब, पोरगं मधेच मेडिकलला अनफिट झालं तर?" अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की हप्ते तरीही भरावेच लागतील. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा असतो, पण तो प्रामुख्याने नोकरीत असलेल्यांसाठी असल्यामुळे विद्यार्थ्याच्या काळातील जोखीम घरानेच उचलायची असते. मुलामुलींनी हा हिशेब आईवडिलांसमोर पूर्ण मांडला पाहिजे असे माझे मत आहे, कारण जाहिरातींत मांडला जातो तो फक्त पगाराचा आकडा.

उड्डाणासाठी मी खानदेशातील एका संस्थेत गेलो. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण चालते. धुळ्यात जो मुंबई फ्लाइंग क्लब विमाने उडवतो तो 1928 सालचा, जे. आर. डी. टाटा त्याच क्लबात शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. विद्यार्थी परवान्यासाठी वयाची अट 16 आणि शिक्षणाची अट दहावी एवढीच आहे आणि त्याची तोंडी परीक्षा संस्थेचे मुख्य प्रशिक्षकच घेतात. खासगी वैमानिकाचा परवाना मध्ये घेता येतो, पण तो घेतलाच पाहिजे असे नाही. आमच्यातील बहुतेकांनी तो टप्पा गाळून थेट व्यावसायिक परवान्याचे तास भरले.

दिवस पहाटे सुरू होत असे. विमानाभोवती फिरून केलेली तपासणी हा पहिला धडा आणि तोच सर्वांत जास्त वेळा गिरवलेला. टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून पाहायचे. विमानाचे पेट्रोल निळसर असते आणि पाणी शिरले असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी वेगळे दिसते. इंधनाची पातळी मापकावर विसंबून न राहता पंखावर चढून पट्टीने मोजायची. तेल, चाके, पंखांच्या हलत्या कडा, बिजागऱ्या, वायुवेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाशीने घर केले आहे का. हे शेवटचे कोणाला गमतीचे वाटेल, परंतु रात्रभर उघड्यावर राहिलेल्या नळीत ते खरोखर होते आणि मग वेगमापक चुकीचा वेग दाखवतो.

त्यानंतर सर्किट. उड्डाण, डावीकडे वळण, धावपट्टीला समांतर उलट दिशा, पुन्हा वळण, पुन्हा वळण आणि उतरणे. जमिनीपासून साधारण हजार फुटांवरचा हा आयत आम्ही इतक्या वेळा काढला की खालच्या प्रत्येक केळीच्या बागेचा आकार पाठ झाला. शेवटच्या टप्प्यात सेसना 172 चा वेग 65 नॉटच्या, म्हणजे तासाला 65 नॉटिकल मैलांच्या, आसपास राखायचा असतो. नवशिक्याचे डोळे वेगमापकाला चिकटतात आणि धावपट्टी निसटते, किंवा डोळे धावपट्टीला चिकटतात आणि वेग निसटतो. प्रशिक्षक दोन्हींकडे पाहायला शिकवतात ते बोलून नव्हे, तर शांतपणे मापकावर हात ठेवून ते झाकून टाकून: वेग इंजिनाच्या आवाजावरून, नाकाच्या उंचीवरून आणि हातातील दांडीच्या जडपणावरून ओळखायचा. एके दिवशी त्यांनी विमान थांबवायला सांगितले, आपला पट्टा सोडला, दार उघडून उतरले आणि "एक सर्किट करून या" एवढेच म्हणाले. एका माणसाचे वजन कमी झाल्यामुळे विमान अपेक्षेपेक्षा लवकर वर उठते हे पुस्तकात वाचलेले होते, तरी त्या दिवशी ते नवे वाटले.

200 तासांचे गणित असे असते. त्यांतील 100 तास तुम्ही प्रमुख वैमानिक म्हणून केलेले असावेत. 20 तास प्रमुख वैमानिक म्हणूनच एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे असावेत आणि त्यांत किमान 300 नॉटिकल मैलांचे, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचे, एक लांब उड्डाण असावे, ज्यात वाटेतल्या दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. रात्रीचे 5 तास आणि त्यांत 10 उड्डाणे व 10 अवतरणे हवीत. परवान्यापुरते बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर केलेले उड्डाण 10 तासांचे पुरते, पण विमान कंपनीत जाण्यासाठी लागणारे उपकरण मानांकन, म्हणजे तशा उड्डाणाची परवान्यावरची मान्यता, हवे असेल तर हा आकडा 40 तासांवर जातो, ज्यांपैकी 20 तास सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, चालतात, आणि गावोगावची उड्डाणेही प्रमुख वैमानिक म्हणून 50 तास लागतात. ज्याला प्रवासी विमानच चालवायचे आहे त्याने सुरुवातीपासून मोठाच आकडा धरून आखणी करावी.

माझे लांब उड्डाण इंदूर आणि भोपाळ असे ठरले. इंदूरपर्यंतची वाट चुकणे अवघड, कारण आग्रा रस्ता सोबतीला असतो. सेंधव्याजवळ सातपुड्याचे डोंगर खालून सरकतात, मग नर्मदेचे खोरे उघडते आणि खलघाटाजवळ रस्ता नदी ओलांडतो. उजव्या हाताला थोड्या अंतरावर महेश्वर असते. अहिल्याबाईंच्या राजधानीवरून जाऊन त्यांचेच नाव असलेल्या विमानतळावर उतरणे हा योग माझ्यासारख्या मराठी विद्यार्थ्याला सुखावणारा होता, मात्र इंदूरला त्या वेळी प्रवासी विमानांची गर्दी असल्यामुळे सुखावण्यासाठी फार वेळ मिळाला नाही. नियंत्रकाने मला दूरवर घिरट्या घालत थांबवले आणि मोठी विमाने आधी उतरवली. थांबताना किती इंधन जळते, किती उरते आणि कोणत्या आकड्याला थांबणे सोडून दुसरा निर्णय घ्यायचा, हे मी निघण्यापूर्वीच मांडीवरच्या कागदावर लिहून ठेवले होते. भोपाळचा मोठा तलाव मात्र दुरूनच दिसतो आणि दिशेची शंका उरत नाही. परतीची वाट सरळ होती, परंतु दुपारी तापलेल्या सातपुड्यावरून येताना हवेने विमानाला इतके झोके दिले की नकाशावर खूण करायला पेन्सिल टेकेना.

पावसाळ्यात तास भरत नाहीत. ढग खाली असतात, दृश्यता 5 किलोमीटरच्या खाली जाते आणि नवशिक्यांची उड्डाणे थांबतात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर धक्के बसतात, हिवाळ्यात पहाटे धुके रेंगाळते. विमाने देखभालीसाठी हँगरमध्ये जातात, प्रशिक्षक नोकरी बदलतात. वर्षभरात पूर्ण होईल असे सांगितलेला अभ्यासक्रम त्यापेक्षा बराच लांबतो हा अनुभव जवळपास सर्वांचा असतो, आणि हा विलंब केवळ मनाला नव्हे तर वहीतल्या रकान्यांना लागतो. माझे मेडिकल प्रशिक्षणाच्या मध्येच संपत आले, तेव्हा नूतनीकरणासाठी जाण्याचे दिवस नेमके आकाश स्वच्छ असण्याचे दिवस होते. गेलो, कारण मेडिकल नसेल तर स्वच्छ आकाशाचा उपयोग नाही.

उपकरणांवरचे उड्डाण हा माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणाचा गाभा आहे. डोळ्यांवर झापड लावतात, बाहेरचे काही दिसत नाही, आणि काही मिनिटांतच कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय खोटे बोलू लागते. विमान सावकाश डावीकडे कलत असते तरी सरळ असल्यासारखे वाटते. सरळ केले की उजवीकडे पडल्यासारखे वाटते. शरीराचे ऐकायचे नाही, उपकरणांचे ऐकायचे, हे सांगायला सोपे आणि पाळायला फार कठीण आहे. दोन इंजिनांच्या विमानावर प्रशिक्षक एक इंजिन मंद करतात तेव्हाही असेच होते: विमान बंद इंजिनाकडे वळू लागते, ते सरळ ठेवण्यासाठी चालू बाजूचा पाय दाबून धरावा लागतो, आणि जो पाय मोकळा आहे त्या बाजूचे इंजिन गेले आहे असे ओळखायचे. घाईने चुकीचे इंजिन बंद केले तर उरलेलेही गेले, म्हणून ओळखणे, खात्री करणे आणि मगच बंद करणे हा क्रम हाडीमांसी भिनवतात.

शेवटी चाचण्या: दिवसा सर्वसाधारण उड्डाण, रात्री सर्वसाधारण उड्डाण, दिवसा 250 आणि रात्री 120 नॉटिकल मैलांचा प्रवास, आणि उपकरण मानांकनाची वेगळी. नंतर लॉगबुकातील प्रत्येक ओळीची बेरीज जुळवणे. उड्डाणाचे तास, प्रमुख वैमानिक म्हणून तास, रात्रीचे, उपकरणांवरचे, सगळे स्तंभ उभे-आडवे जुळले पाहिजेत आणि त्यावर मुख्य प्रशिक्षकांची सही हवी. चोपडीचा ताळा घालण्यात माझे बालपण गेले असल्यामुळे हे काम मला जड गेले नाही. अर्ज ऑनलाइन गेला, दोन शंका निघाल्या, त्यांची उत्तरे दिली आणि परवाना आला.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे मात्र कोणत्याही माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले नसते. त्या परवान्यावर तुम्ही सेसना किंवा त्यासारखे छोटे विमान चालवू शकता. एअरबस ए-320 किंवा बोइंग 737 चालवण्यासाठी त्या प्रकाराचे मानांकन लागते. काही कंपन्या ते आधीच मागतात, काही निवड करून मग करवून घेतात, आणि काहींचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम असतात, ज्यांत शुल्क जास्त पण पुढची वाट आखलेली असते. भरती होत नसेल त्या काळात परवानाधारक घरी बसतो आणि उपकरण मानांकन, मेडिकल, अलीकडचे तास असे सगळे एकेक करून जुने होत जाते. ते ताजे ठेवण्यासाठी पुन्हा पैसे देऊन उडावे लागते. माझ्या बॅचमधील काही जणांनी या काळात प्रशिक्षकाचे मानांकन घेतले. तो उत्तम निर्णय होता असे मला वाटते, कारण शिकवताना तासही वाढतात आणि समजही.

माझी निवड लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचण्या, सिम्युलेटर आणि मुलाखत या क्रमाने झाली. मुलाखतीत मला सर्वांत जास्त वेळ हवामानावर विचारले गेले, आणि वाणिज्य शाखेचा उल्लेख कोणी केला नाही. ए-320 च्या प्रशिक्षणात पहिले काही आठवडे केवळ वर्गात आणि संगणकावर जातात. मग सिम्युलेटर, ज्यात उड्डाणाच्या ऐन वेगात इंजिन निकामी होणे रोजचेच असते. एकट्याने विमान चालवायला शिकलेल्या माणसाला येथे दोघांनी चालवायला शिकावे लागते: एक उडवतो, दुसरा पाहतो, बोलतो, यादी वाचतो आणि चूक दिसली तर वयाचा व हुद्द्याचा संकोच न बाळगता सांगतो. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये अशा घरातून आलेल्या मला कॅप्टनला "सर, वेग कमी होत आहे" हे वेळेवर आणि मोठ्याने म्हणणे जमायला एखादे तांत्रिक कौशल्य शिकण्याइतकाच सराव लागला. त्यानंतर प्रत्यक्ष विमानावर उतरण्याचा सराव आणि मग प्रवाशांसह, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली, ठरावीक उड्डाणे पूर्ण करून सहवैमानिक म्हणून मोकळीक.

आता पुढचा परवाना एटीपीएल, म्हणजे प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरचा परवाना, ज्याशिवाय कॅप्टन होता येत नाही. त्यासाठी वय 21 आणि एकूण 1500 तास लागतात, शिवाय रात्रीच्या, गावोगावच्या आणि प्रमुख वैमानिकाच्या तासांच्या वेगळ्या अटी आहेत आणि लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, या वेळी अधिक खोलात. दरम्यान सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर प्रावीण्याची तपासणी होतच असते. एटीपीएलच्या पेपरांचा अर्ज मी पुढील सत्रासाठी भरणार आहे. त्याआधी मेडिकल आहे, आणि डब्यावरचे जेवण सुटल्यापासून वजन वाढले असल्यामुळे सध्या सकाळी धावायला जातो.